दोन अठ्ठ्या, समोर दश्शी

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच जुगार खेळला आणि त्यासाठी महिनाभर अभ्यास केला. आमचा मुलगा बारावीला होता तेव्हासुद्धा घरात एवढा अभ्यास झाला नव्हता. हे मी मुलाच्या तोंडावर सांगते. त्याला आता राग येत नाही.

हे तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणीला होते. मशीनवरून निघालेला नग यांच्या टेबलावर यायचा. हातात दोन टोकांचं लोखंडी गेज. एक टोक नगाच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर नग पास, नाहीतर लाल पेटीत. "चालतंय की साहेब" असं कुणी म्हटलं की यांचं डोकं फिरायचं. घरीही तेच. आमटीला मीठ एक तर बरोबर, नाहीतर चुकलेलं, मधलं काही नाही. मी नेमकी उलटी. अंदाजाने मीठ टाकणारी, अंदाजाने ब्लाउज बेतणारी आणि अंदाज चुकला की दुसऱ्यावर ढकलणारी. तुमचा संसार कसा झाला असं कुणी विचारलं तर मी सांगते, भांडत झाला.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून गोव्याला जायचं ठरलं. कारखान्यातले एकजण यांना म्हणाले, पणजीला नदीत कॅसिनोची बोट असते, एकदा बघून तरी या. मला वाटलं, हे कानाला हात लावतील. तर यांनी विचारलं, "नियम काय हाईत तिथले?"

तिथून अभ्यास सुरू झाला. बोटीवर बरेच खेळ असतात म्हणे, पण यांना एकच पसंत पडला, ब्लॅकजॅक. कारण त्यात काय करायचं याचं कोष्टक असतं. खेळ तसा सोपा आहे. आपल्याला दोन पत्ते, वाटणाऱ्यालाही दोन, पण त्याचा एक उघडा आणि एक पालथा. आपल्या पत्त्यांची बेरीज वाटणाऱ्यापेक्षा एकवीसच्या जवळ न्यायची. वर गेली की फुटलो. राजा, राणी, गुलाम यांचे दहा धरायचे, म्हणजे त्याही दश्श्याच; एक्क्याचा एक किंवा अकरा. आणि सारखे दोन पत्ते आले तर ते फोडून दोन वेगळे डाव करता येतात, मात्र दुसऱ्या डावावरही पहिल्याएवढंच लावावं लागतं. कुठली जोडी कधी फोडायची, हे हिशेबी माणसांनी आधीच काढून ठेवलेलं आहे. एक्के आणि अठ्ठ्या नेहमी फोडायच्या. दश्श्या आणि पंज्या कधीच नाहीत. बाकीच्या जोड्या समोरचा उघडा पत्ता बघून.

यांनी हे सगळं चौकटीच्या कागदावर उतरवलं. डावीकडे आपले पत्ते, वर समोरच्याचा पत्ता, आडवी ओळ आणि उभी ओळ जिथे मिळतील तिथे उत्तर. अक्षर असं, की कारखान्याच्या भिंतीवर लावावं. मग कोल्हापूरच्या राजारामपुरीत जाऊन त्याला प्लास्टिक चढवून आणलं. मी पोट धरून हसले. म्हटलं, "अहो, पत्ते खेळायला कागद लागतो व्हय? मनाला काय वाटतंय ते बघायचं."

"मनालाच तर आवरायचं हाय," हे म्हणाले. "आपल्या हाडात तीन पानी हाय. जोडी दिसली की आपण पागल हुतो."

यात मात्र खोटं काही नव्हतं. माझं माहेर राधानगरीच्या अलीकडचं, यांचं गाव तिथून दोन मैलांवर. आमच्याकडे गौरी-गणपतीत पाऊस माणसाला घराबाहेर पडू द्यायचा नाही, आणि मग सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीत, तीन पानी रंगायचं. सातवी-आठवीपासून मी मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून खेळलेली आहे. तीन पानीत हातात जोडी आली की छाती फुगते. दोन नव्व्या, दोन सत्त्या, काहीही असो, ती जोडी माणूस जिवापाड धरतो. तिच्यावर चाल करतो. ती फोडून टाकायची हे आमच्या मुलखात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. ब्लॅकजॅकच्या टेबलावर आमची माणसं याच एका कारणाने फसतात, असं यांचं मत होतं आणि आजही आहे.

बोटीवर आम्ही दुपारी गेलो. मी यांच्या मागे उंच खुर्चीत बसले, आणि यांनी ते प्लास्टिक चढवलेलं कार्ड मांडीवर घेऊन खेळायला सुरुवात केली. अगदी बारीक रक्कम लावत होते. शेजारचा एक माणूस, बेळगावकडचा वाटला, अधूनमधून सल्ला द्यायचा. यांना दोन राजे आले, समोर छक्की. तो ओरडला, "पावणं, फोडा की! दोन डाव होत्यात!" हे हलले नाहीत. वीस झालेत, बसायचं. जिंकले. मी टाळ्या वाजवल्या.

मग दोन अठ्ठ्या आल्या आणि समोर दश्शी. यांनी कार्डावर बोट ठेवलं, ओळ धरून खाली आले आणि जोडी फोडली. दुसरी रक्कम लावली. दोन्ही डाव गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "धडधडीत दिसत होतं, समोर दश्शी आहे, आणि तुम्ही दुप्पट घालवलंत. त्या कागदाला जाळा आता."

यांनी कार्डावरचं बोट काढलं. "हरलो," म्हणाले. "चुकलो न्हाय."

परतीच्या प्रवासात फोंडा घाट चढून दाजीपूर येईपर्यंत मी बोलले नाही. हरलो पण चुकलो नाही, असं कुठं असतं का? हरला तो चुकला. मला एवढंच कळत होतं.

पुन्हा कधी आम्ही कॅसिनोत गेलो नाही, पण खेळ घरात राहिला. रविवारी दुपारी जेवणं झाली की हे पत्ते काढायचे आणि मी चिंचोक्यांचा डबा. वर्षाची चिंच फोडताना निघालेले चिंचोके मी टाकत नाही, त्याचा असा उपयोग झाला. हे कोष्टकाने खेळायचे, मी मनाने. हळूहळू यांना कार्ड बघायची गरज उरली नाही, सगळं पाठ झालं. संध्याकाळपर्यंत चिंचोके बहुतेक यांच्याकडे जमायचे. एखाद्या रविवारी माझ्याकडे जमले की मी आठवडाभर ऐकवायची.

निवृत्त होऊन एक वर्ष झालं आणि मागच्या मे महिन्यात, सकाळी दाढी करताना, यांच्या हातातला पाण्याचा मग खाली पडला. मी आत गेले तर उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला गेलेलं. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तेवढ्या एका वाक्यावर मी पुढचे आठ दिवस काढले.

हात दीड महिन्यात सुधारला. पाय जरासा ओढत चालतात, पण चालतात. बोलणंही आलं, हळू, शब्द शोधत. लोक भेटायला येऊन म्हणायचे, वाचले बघा. मी मान हलवायची. पण एक गोष्ट परत आली नव्हती आणि ती बाहेरच्यांना दिसत नव्हती. यांना काही ठरवता येत नव्हतं. कपाट उघडून दोन शर्टांसमोर पंधरा-पंधरा मिनिटं उभे राहायचे. एकदा मी विचारलं, "चहा देऊ की दूध?" आणि यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यभर हजारो नग पास-नापास केलेला माणूस. त्यानंतर मी विचारणंच सोडलं. पुढ्यात ठेवेन ते प्यायचे.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो दर दोन आठवड्यांनी यायचा, सगळं बघायचा. जुलैत म्हणाला, "मम्मी, इथं तू एकटी कसं करणार? तिकडं चला. घर भाड्यानं देऊ. पप्पांना विचारून उपयोग नाही, ते काय सांगणार?"

पुण्याला मी नावं ठेवत नाही, पुणेकरांनी माझं काही घेतलेलं नाही. मुलाचंही चूक नव्हतं, त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. पण 'पप्पांना विचारून उपयोग नाही' हे वाक्य माझ्या काळजात रुतलं. एकदा आम्ही तिकडे गेलो की यांना कुणी काही विचारणारच नाही. इथून उचलायचं, तिथे ठेवायचं. मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांब. तोवर सुधारले नाहीत तर तू म्हणशील तसं."

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, वेळ लागेल, त्यांना आवडीचं काहीतरी करू द्या. मी त्याच दुपारी पत्ते आणि चिंचोके काढले. ड्रॉवरमधून ते कार्डही काढून समोर ठेवलं.

पहिल्याच डावात यांना दोन चव्व्या आल्या. कितीतरी दिवसांनी यांचा चेहरा उजळला. "पेअर!" म्हणाले आणि दोन्ही हातांनी सगळे चिंचोके पुढे लोटले. "चाल! तिसरं पान दे."

हे तीन पानी खेळत होते. मधली सगळी वर्षं पुसली गेली होती आणि सोप्यातला तो खेळ तेवढा शिल्लक होता. मी समजावलं, कार्ड हातात दिलं. यांचं बोट आडव्या ओळीतून निघालं, उभ्या ओळीशी आलं आणि भलतीकडेच गेलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा भलतीकडे. मग यांनी कार्ड भिरकावलं.

आणि माझा तोल सुटला. "अहो, किती वेळा सांगू? हे तीन पानी न्हाय! एकवीस हाय, एकवीस!" एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारची बाई खिडकीत आली. हे खाली मान घालून बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

दोन दिवस पत्ते बंद. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना डोक्यात आलं की या माणसाला स्वतः बरोबर खेळण्यात कधीच एवढी मजा नव्हती. मजा दुसऱ्याची चूक पकडण्यात होती. तीस वर्षं तोच तर धंदा. मग आपण चूक करून बघू.

तेव्हापासून रोज दुपारी मी एकटीच खेळायला लागले. यांना समोर नुसतं बसवायचं. दोन्ही बाजूंचे पत्ते मीच वाटायची आणि मोठ्याने बोलत चुकीचं खेळायची. "पंज्या आल्या, फोडते बाई." "अठ्ठ्या आहेत, राहू देत तशाच." खरं सांगायचं तर मुद्दाम चुकायला मला फार कष्ट पडले नाहीत. पण कार्ड मात्र मी पाठ केलं, कारण नेमकं चुकायचं तर बरोबर काय ते माहीत पाहिजे. ज्या कागदाला जाळा म्हटलं होतं तोच मी साठीच्या उंबऱ्यावर घोकत बसले. हे बघायचे, कधी खिडकीबाहेर, कधी पत्त्यांकडे. पाऊस लागून होता. महिना असाच गेला.

गणपती येऊन गेले, आणि एका दुपारी मला गुलाम आणि राणी आले, समोर छक्की. मी दोन्ही पत्ते वेगळे केले आणि चिंचोके मोजायला लागले.

"काय करायलीस?"

मी वर बघितलं. यांच्या कपाळाला आठी होती. ती आठी मी मे महिन्यापासून बघितली नव्हती.

"फोडते की," मी म्हटलं.

"दश्श्या फोडत्यात व्हय?" शब्द सावकाश आले, पण चिडून आले. "वीस हाईत. वीस मोडून... काय मिळवणार हाईस?"

मला इतका आनंद झाला की त्या दुपारी मी आणखी तीन वेळा दश्श्या फोडल्या. तिन्ही वेळा बोलणी खाल्ली. जोतिबाच्या डोंगराकडे तोंड करून गच्चीवरून हात जोडले आणि खोबरं-गुलाल कबूल केला.

पण माझं काम अर्धंच झालं होतं. माझी चूक हे पकडायचे, स्वतःचा डाव आला की मात्र हात पत्त्यांवर तसाच राहायचा आणि डोळे माझ्याकडे. मी सांगेन ते करायचे. दुसऱ्याचा नग नापास करणं वेगळं आणि आपण होऊन ठरवणं वेगळं. दसरा जवळ येत होता.

मुलगा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. सोनं वाटून झालं, जेवणं झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने विषय काढलाच. "मम्मी, मग काय ठरलं?" मी म्हटलं, "आधी पप्पांबरोबर एक डाव खेळ." त्याला वाटलं मी टाळते आहे. टाळतच होते. तरी तो बसला, पत्ते पिसले, वाटायला लागला. मी जरा लांब, दाराशी गवारी निवडायला घेतली, म्हणजे यांना माझ्या तोंडाकडे बघता येऊ नये.

पहिले चार-पाच डाव साधे गेले. हे माझ्याकडे बघायचे, मी गवारीकडे. मुलगाच मग हळूच सांगायचा, "पप्पा, आता थांबा," आणि हे थांबायचे.

मग मुलगा म्हणाला, "दोन अठ्ठ्या. सोळा झाले पप्पा. माझी दश्शी आहे." त्याने पालथा पत्ता नियमाप्रमाणे डोकावून बघितला; एक्का असता तर त्याचे एकवीस होऊन डाव तिथेच संपला असता, पण एक्का नव्हता. "पान घेणार की थांबणार?"

यांनी माझ्याकडे बघितलं असावं. मी मान वर केली नाही. माझ्या हातातली शेंग कितीतरी वेळ मोडायची राहिली होती. कार्ड ड्रॉवरमध्ये होतं. मग चिंचोक्यांचा आवाज आला.

मी बघितलं. यांनी डाव्या हाताने एक अठ्ठी बाजूला सरकवली होती. तिच्यापुढे एक-एक करून चिंचोके मांडत होते, पहिल्या ढिगाएवढेच. सगळे मांडून झाल्यावर बोटाने टेबलावर टकटक केलं. पत्ते वाट, म्हणून.

पहिल्या अठ्ठीवर सत्ती आली, पंधरा. यांनी पुन्हा टकटक केलं. राणी. फुटले. दुसऱ्या अठ्ठीवर गुलाम आला, अठरा. यांनी हात आडवा केला, पुरे. मुलाने पालथा पत्ता उलटला. राजा. वीस.

"गेले की पप्पा दोन्ही," मुलगा म्हणाला. लहान मुलाशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाला, आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की, बघितलंस ना? "फोडलं नसतं तर एकच ढीग गेला असता. चुकलं जरा."

"हरलो," हे म्हणाले. "चुकलो न्हाय."

माझ्या मांडीवरची परात खाली गेली. गवारी घरभर.

"सोळा हे मापच वाईट हाय," हे मुलाला सांगत होते. प्रत्येक शब्द शोधून, निवडून. "पान घेतलं तर फुटतंय. थांबलं तर... समोरचा मारतोय. आठ एकटं बरं हाय. त्याला जागा हाय. दश्शीसमोर बहुतेक हरायचंच. पण कमी हरायचं. एका डावावर कळत न्हाय ते. लई डाव खेळल्यावर कळतंय."

मुलाने दोन्ही अठ्ठ्यांकडे पुन्हा एकदा बघितलं. त्याच्या हातातले पत्ते तसेच होते. मी खाली बसून गवारी गोळा करत होते आणि समोरचं काही धड दिसत नव्हतं. त्या दिवशी बोटीवर याच डावावरून मी या माणसाचा सगळ्यांसमोर पाणउतारा केला होता. आता याच्याइतका सुंदर हरलेला डाव मी कुठं बघितला नाही, असं मला वाटत होतं. छातीवरचा धोंडा सरकला, असं लोक म्हणतात ना, तसं खरोखर झालं.

"आणि पुण्याचं," हे पुढे म्हणाले. आम्ही दोघांनी एकदम वर बघितलं. "जायाचं न्हाय."

"पप्पा, पण उद्या इथं काही झालं तर?"

"हुईल. तिथं बी हुईल." यांनी टेबलावर बोट ठेवलं. "आज जे दिसतंय त्यावरनं मी ठरवलंय. उद्या पडलो तर हरलो म्हण. चुकलो म्हणू नकोस. आणि तुझ्या आईला बोल लावायचा न्हाय."

मुलाने मान खाली घातली, मग हलवली. त्याने चिंचोके यांच्याकडे ढकलले, हरलेलेही. यांनी हरलेले मोजून परत त्याच्याकडे सरकवले. तो डोळे पुसत हसला आणि पत्ते पिसायला लागला.

मी परात उचलून स्वयंपाकघरात आले. पातेलं घेतलं आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा आतूनच विचारलं, "अहो, चहा ठेवू की दूध?"

"चहा," हे म्हणाले. यात विचारायचं काय, अशा आवाजात. "आणि आलं घाल की जरा. पाच महिने झाले, नुसतं पाणी पाजायलीस."